एकाच मापाने : रेव्ह. डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र

रविवारच्या शाळेत शिकविणाऱ्या आमच्या बहुतेक बंधुभगिनींना हा अनुभव आला असेल. वर्ग चांगला रंगलेला असतो, मार्काच्या शुभवर्तमानातील धडा चालू असतो, आणि मागच्या बाकावरून एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हात वर करतो. हे पुस्तक मार्कानेच लिहिले हे आपल्याला कसे कळले, असे तो विचारतो. त्याने ते मोबाईलवर कोठे ऐकलेले असते, किंवा कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या भावाने घरी काढलेले असते. अशा वेळी शिक्षक काय करतात? कोणी रागावतात, कोणी विषय बदलतात, कोणी घरी आल्यावर स्वतःच अस्वस्थ होतात. मुलगा मात्र एवढेच शिकतो की या प्रश्नाला मंडळीत जागा नाही.

वास्तविक हा प्रश्न नवा नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात तो भर सभेत, वर्तमानपत्रांत व राजदरबारात चर्चिला गेला. त्या वादाच्या मध्यभागी जे पुरुष उभे होते त्यांचे नाव मुंबईचे विल्सन कॉलेज आजही चालवीत आहे. रेव्ह. डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र आम्ही आज याच एका अंगाने वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांनी दुसऱ्यांच्या धर्मग्रंथांना जे प्रश्न विचारले तेच प्रश्न फिरून त्यांच्या हातातील नव्या कराराला विचारले गेले. ते कसे, आणि त्यातून आपण काय शिकावे, हे पाहू.

बालपण व पाचारण

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या लहानशा गावी, शेतकरी घराण्यात झाला. घरात प्रार्थना व शास्त्रवाचन नित्याचे होते. वयाच्या चौदाव्या वर्षीच ते एडिंबरो विद्यापीठात गेले. तेथे भाषा व ईश्वरविज्ञान शिकत असतानाच परदेशात सुवार्ता सांगण्याची ओढ त्यांना लागली. १८२५ साली त्यांनी मिशनकार्याच्या साहाय्यासाठी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले. १८२८ साली त्यांना दीक्षा मिळाली, त्याच वर्षी मार्गारेट बेन या सुविद्य तरुणीशी त्यांचा विवाह झाला, आणि दोघांनी हिंदुस्थानचा रस्ता धरला. १८२९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले.

पहिले काही महिने त्यांनी कोकणात, बाणकोट-हर्णैच्या बाजूला, मराठी शिकण्यात घालविले. मग मुंबईत येऊन त्यांनी कामाला सुरुवात केली. १८३० साली 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' हे मासिक निघाले. १८३१ साली थोड्याशा सभासदांची एक मंडळी स्थापन झाली. १८३२ साली सुरू झालेली शाळा पुढे वाढत वाढत विल्सन कॉलेज झाली. मार्गारेटबाईंनी स्वतः मराठी आत्मसात करून मुलींच्या शाळा काढल्या. मुलींना शिकविणे हेच ज्या काळी नवल होते त्या काळची ही गोष्ट आहे. अंब्रोलीचे नाव ज्यांच्या घरी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले गेले असेल त्यांना या दिवसांची आठवण निराळी सांगावयास नको.

वादाची रणभूमी

विल्सनसाहेबांची रीत अशी की, ज्याच्याशी बोलावयाचे त्याचे ग्रंथ आधी वाचावयाचे. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, फारसी, संस्कृत अशा भाषांचा त्यांनी अभ्यास केला. मग ते उघड सभेत वादाला उभे राहात. १८३१ साली मोरभट दांडेकर या विद्वान ब्राह्मणाशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी त्याच वर्षी आपल्या धर्माचे मंडन करणारा 'हिंदुधर्मस्थापना' हा ग्रंथ लिहिला आणि विल्सनसाहेबांनी १८३२ साली त्याला उत्तर दिले. नंतर साताऱ्याच्या नारायणराव यांनी लेखणी उचलली व त्यांनाही १८३४ साली उत्तर गेले. त्याच सुमारास मुसलमान विद्वान हाजी महंमद हाशिम यांच्याशीही त्यांचा वादविवाद झाला. १८३३ साली पारशी लोकांच्या वेंदिदाद या ग्रंथावर त्यांनी जाहीर व्याख्यान दिले.

या सर्व वादांत त्यांच्या हाती एक ठरावीक हत्यार असे. हा ग्रंथ कोणी लिहिला? केव्हा लिहिला? ज्याचे नाव त्यावर आहे त्यानेच तो लिहिला याला साक्षीदार कोण? मूळ लेख आणि आजची प्रत यांच्यामध्ये किती शतके गेली, आणि त्या शतकांत तो कोणाच्या हाती होता? ग्रंथाचा एक भाग दुसऱ्याशी जुळतो काय?

हे प्रश्न न्याय्य आहेत, यात शंका नाही. परंतु आम्हांला येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. विल्सनसाहेबांच्या त्या काळच्या लिखाणाचा सूर पुष्कळदा कडक होता. ज्या गोष्टी शेजाऱ्याला पूज्य होत्या त्यांचा ते बोचेल अशा शब्दांत समाचार घेत. तो काळच तसा होता व दुसऱ्या बाजूचेही शब्द मऊ नव्हते, असे म्हणून आम्ही ते झाकू इच्छीत नाही. ज्या जखमा त्या वेळी झाल्या त्यांची किंमत पुढे मंडळीला अनेक वर्षे द्यावी लागली.

बडोद्याच्या दरबारात

१८३४ च्या अखेरीस विल्सनसाहेब गुजरात व काठेवाडच्या मोठ्या प्रवासाला निघाले आणि १८३५ च्या आरंभी बडोद्यास पोहोचले. त्या वेळी गादीवर सयाजीराव गायकवाड होते. ज्यांनी ग्रंथालये उघडली व सक्तीचे शिक्षण सुरू केले ते हे सयाजीराव नव्हेत, हे त्यांच्या आधीचे, त्याच नावाचे दुसरे. त्यांनी १८१९ पासून १८४७ पर्यंत राज्य केले. गुजरातच्या मध्यावर वसलेल्या या शहराचा राजवाडा मात्र मराठी बोलणारा होता. कोकणात मराठी शिकलेल्या या स्कॉच पाळकाला तेथे परके वाटण्याचे कारण नव्हते. दरबारात त्यांची महाराजांशी भेट झाली व धर्माविषयी बोलणे झाले.

आज वडोदरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शहरात आपली मराठी कुटुंबे राहतात, उपासना करतात, आपल्या मुलांना शास्त्र शिकवितात. त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या शहरी ख्रिस्ती मंडळी उभी राहण्याच्या आधीच तेथे ख्रिस्ती धर्माविषयीची चर्चा मराठीतून राजासमोर झाली होती. विश्वास आणि प्रश्न ही दोन्ही त्या शहरात बरोबरच आली, असे म्हटले तरी चालेल.

बडोद्याहून पुढे काठेवाडात जे त्यांनी पाहिले त्याचा परिणाम दूरवर झाला. आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने आपले मिशनकार्य काठेवाडात सुरू करावे असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे १८४१ साली जेम्स ग्लासगो व अलेक्झांडर कर हे दोघे आले. त्यांपैकी कर त्याच वर्षी तापाने वारले. गुजरातच्या मंडळीचा पाया असा एका थडग्यावर घातला गेला.

गिरनारचा खडक

त्याच प्रवासात, १८३५ च्या मार्चमध्ये, ते जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी गेले. तेथे एका मोठ्या खडकावर प्राचीन अक्षरे कोरलेली आहेत. ती वाचणारा कोणी उरला नव्हता. विल्सनसाहेबांनी त्यांचे महत्त्व ओळखले व पुढे त्या लेखाचा कापडावर ठसा काढविला. तो कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांजकडे गेला. प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ती लिपी उलगडली, आणि खडक बोलू लागला. तो अशोक राजाचा लेख होता. त्यात अंतियोक, तुरमाय वगैरे ग्रीक राजांची नावे निघाली. त्या राजांचा काळ ठाऊक असल्याने अशोकाचाही काळ ठरला.

ग्रंथांच्या खरेखोटेपणाचा विचार करणाऱ्याला यात मोठा धडा आहे. जुन्या लेखातील एखादे नाव बाहेरच्या दुसऱ्या पुराव्याशी जुळले की, त्या लेखाचा काळ पक्का होऊ लागतो. नव्या कराराच्या बाबतीतही असेच घडले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात पौलाला करिंथ येथे गल्लियो नावाच्या सुभेदारासमोर नेल्याचे लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीस देशातील देल्फी येथील एका शिलालेखात त्याच गल्लियोचे नाव मिळाले, आणि त्यावरून पौल करिंथात सुमारे इ. स. ५१-५२ साली होता हे ठरविता आले. पौलाच्या जीवनातील तारखा आज विद्वान लोक ज्या खुंटीला बांधतात ती खुंटी हीच.

परंतु सर्वच नावे अशी सहज जुळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात सूरियाचा सुभेदार कुरेन्य याच्या वेळची नावनिशी सांगितली आहे. तिचा काळ हेरोद राजाच्या काळाशी कसा जुळवावा, हे कोडे अजून सर्वांना पटेल असे सुटलेले नाही. जुळलेले तेवढे दाखवावे व न जुळलेले लपवावे, ही खऱ्या साक्षीदाराची रीत नव्हे.

गिरनारहून परत आल्यावर थोड्याच दिवसांत विल्सनसाहेबांवर मोठा घाव पडला. १९ एप्रिल १८३५ रोजी मार्गारेटबाई मुंबईत निवर्तल्या. हिंदुस्थानात त्यांना सहाच वर्षे मिळाली. त्यांच्या मागे त्यांच्या दोन बहिणी येथे आल्या व मुलींच्या शिक्षणाचे काम त्यांनी पुढे चालविले.

तराजू उलटला

१८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी विल्सनसाहेबांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. मुंबईत हलकल्लोळ झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. न्यायालयाने त्या तरुणांना आपल्या इच्छेप्रमाणे राहण्याची मोकळीक दिली, पण विल्सनसाहेबांच्या शाळेतून मुले भराभर काढून घेण्यात आली. ज्या आईबापांनी विश्वासाने मुले शाळेत धाडली होती त्यांना काय वाटले असेल, याचाही आपण विचार करावा. त्यांच्या दृष्टीने घरातला मुलगाच गेला होता.

त्यानंतर पारशी विद्वानांनी लेखणी हाती घेतली. १८४० व १८४१ या दोन वर्षांत दोसाभाई सोराबजी, दस्तूर एदलजी दाराबजी व आस्पंदियारजी फ्रामजी यांचे ग्रंथ निघाले. त्यांनी केवळ आपल्या धर्माचे मंडन केले नाही. विल्सनसाहेब ज्या मापाने अवेस्ता मोजीत होते त्याच मापाने बायबलही मोजावे, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी लागणारी हत्यारे त्यांना युरोपातच मिळाली. फ्रान्सचे व्होल्तेर व इंग्लंडचे गिबन यांनी अठराव्या शतकात पवित्र शास्त्रावर व प्रारंभीच्या मंडळीवर जे आक्षेप घेतले होते ते आता मुंबईत उभे राहिले. शुभवर्तमाने खरोखर कोणी लिहिली? चार कथांत फरक का? त्या काळी इतर शुभवर्तमानेही होती, मग हीच चार का घेतली?

विल्सनसाहेबांनी १८४३ साली पारशी धर्मावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून उत्तर दिले. त्यांचा स्वतःचा विश्वास ढळला नाही. परंतु हा प्रसंग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. आपण दुसऱ्याच्या ग्रंथाला जो प्रश्न विचारतो तो आपल्या ग्रंथालाही लागू आहे. त्याला चुकविता येत नाही, आणि चुकविण्याचे कारणही नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अवेस्ता हा जरथुष्ट्राचा ग्रंथ नव्हे असे विल्सनसाहेबांनी ठासून म्हटले होते. पुढे १८५९ साली मार्टिन हौग हे जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी १८६२ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत दाखविले की, अवेस्तातील गाथा हा भाग भाषेने इतर भागांहून पुष्कळ जुना आहे व तो जरथुष्ट्राच्याच तोंडचा मानावयास आधार आहे. आज बहुतेक अभ्यासक गाथांना तसाच मान देतात. म्हणजे विल्सनसाहेबांचा निवाडा घाईचा ठरला. ग्रंथाच्या काही भागाचा कर्ता अनिश्चित आहे म्हणून सारा ग्रंथ खोटा ठरत नाही. हा न्याय आपल्या शेजाऱ्याला मिळाला, तर तो मागण्याचा आपल्यालाही अधिकार आहे.

प्राचीन मंडळीने काय केले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नव्या करारातील पुस्तके कोणी लिहिली, ही शंका व्होल्तेरने प्रथम काढली असे अनेकांना वाटते. तसे नाही. ती शंका प्रथम मंडळीतच निघाली, आणि काढणारे मंडळीचे पितर होते.

चार शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकाने आपले नाव मत्तय, मार्क किंवा लूक असे सांगितलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात एका प्रिय शिष्याच्या साक्षीचा उल्लेख आहे, पण नाव नाही. नावे मंडळीच्या परंपरेने आली. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात पापिया नावाच्या बिशपाने लिहून ठेवले की, मार्काने पेत्राचा उपदेश ऐकून लिहिला. त्याचे हे म्हणणे युसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात जतन झाले आहे. सुमारे १८० साली इरेनियस चारही शुभवर्तमाने नावांनिशी सांगतो. ही साक्ष जुनी आहे, पण पहिल्या दिवसाची नाही. शिक्षकांनी मुलांना हे जसे आहे तसे सांगावे.

इब्रीकरांस पत्र पौलाचे की नाही, यावर तिसऱ्या शतकात ओरिगनने विचार केला व ते कोणी लिहिले हे देवालाच ठाऊक असे मत दिले. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस याने भाषा व शैली तपासून असे म्हटले की, प्रकटीकरण लिहिणारा योहान व शुभवर्तमान लिहिणारा योहान हे एक नसावेत. चौथ्या शतकात युसेबियसने सर्वमान्य पुस्तके व वादग्रस्त पुस्तके अशी याद केली आणि वादग्रस्तांत याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे व योहानाचे दुसरे व तिसरे ही पत्रे घातली. आपण आज वाचतो तीच सत्तावीस पुस्तके एकत्र सांगणारी पहिली उपलब्ध याद अथनासियसच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. ३२५ साली निकेयाच्या सभेत बिशपांनी पुस्तके निवडली, असे जे वारंवार ऐकू येते त्याला आधार नाही. त्या सभेतील चमत्काराने पुस्तके निवडल्याची एक दंतकथा व्होल्तेरने लोकप्रिय केली, एवढेच.

मंडळी भोळी होती असेही नाही. थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातच बनावट पत्रांविषयी सावध केले आहे. सुमारे २०० साली अंत्युखियाचा बिशप सेरापियोन याने पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान एका मंडळीत वाचू दिले होते. पण पुढे ते स्वतः तपासल्यावर त्याने ते अमान्य केले. तर्तुल्यनने सांगितलेली गोष्ट तर प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. आशियातील एका वडिलाने पौलाच्या नावाने कथा रचल्या. पकडला गेल्यावर आपण ते पौलावरील प्रेमाने केले, असे त्याने कबूल केले. तरी त्याला पदावरून जावे लागले. चांगल्या हेतूने केलेले खोटेसुद्धा त्या मंडळीने चालवून घेतले नाही.

आणि ज्याविषयी भक्कम आधार आहे तेही थोडे नाही. रोमकरांस, करिंथकरांस पहिले व दुसरे, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले व फिलेमोनास ही सात पत्रे पौलाचीच, हे विश्वास न ठेवणारे अभ्यासकही मान्य करतात. ती वधस्तंभानंतर वीस ते तीस वर्षांच्या आत लिहिली गेली. त्यातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू कोणाकोणाला दिसला याची याद आहे. ती पौलाने स्वतः दुसऱ्यांकडून स्वीकारलेली, म्हणजे पत्राहूनही जुनी आहे. आपल्या विश्वासाचा कणा कोठे आहे हे यावरून दिसते. पौलाच्या नावे असलेल्या इतर काही पत्रांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तो मतभेद ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

सिनायच्या पायथ्याशी

१८४३ साली विल्सनसाहेब स्कॉटलंडला निघाले ते मिसर, सिनाय व पॅलेस्टाईन या वाटेने. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिनच्या प्राचीन मठालाही त्यांनी भेट दिली. नाब्लुस येथे शोमरोनी लोकांची व त्यांच्या प्राचीन नियमशास्त्राची त्यांनी चौकशी केली. या प्रवासावरील त्यांचा 'लँड्स ऑफ द बायबल' हा ग्रंथ १८४७ साली निघाला.

विल्सनसाहेब त्या मठात गेले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८४४ साली, टिशेनडोर्फ नावाचा जर्मन विद्वान तेथे गेला आणि एका अतिप्राचीन ग्रीक बायबलची काही पाने त्याच्या हाती लागली. पुढे १८५९ साली मोठा भाग मिळाला. चौथ्या शतकात लिहिलेली ही सिनायची प्रत आज जगप्रसिद्ध आहे. तिच्यात संपूर्ण नवा करार आहे. पण मार्काच्या शेवटच्या अध्यायातील अखेरची बारा वचने तिच्यात नाहीत, आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातील हकिकतही नाही. म्हणून आपल्या बायबलांच्या अनेक आवृत्त्यांत या भागांवर कंस किंवा टीप असते. मुलांनी त्या कंसाबद्दल विचारले तर शिक्षकांनी हे सांगावे.

विल्सनसाहेबांच्या हयातीनंतर तर आणखी जुने पुरावे निघाले. १९३५ साली प्रसिद्ध झालेला पपायरसचा एक लहानसा तुकडा इंग्लंडात मँचेस्टर येथे आहे. तळहातावर मावेल एवढाच, पण त्यावर योहानाच्या अठराव्या अध्यायातील, पिलातासमोरील चौकशीच्या काही ओळी आहेत. बहुतेक तज्ज्ञ तो दुसऱ्या शतकातील मानतात. ज्या प्रश्नांना १८४० साली मुंबईत केवळ युक्तिवादाने उत्तर द्यावे लागे त्यांतील काहींना आज हातात धरता येईल असा पुरावा आहे. आणि ज्या शंका त्या काळी आपल्या लोकांनी उडवून लावल्या त्यांतील काही खऱ्या होत्या, हेही त्याच पुराव्याने दाखविले.

अखेरची वर्षे

स्कॉटलंडच्या मंडळीत १८४३ साली मोठी फूट पडली. विल्सनसाहेब फ्री चर्चमध्ये गेले, आणि मुंबईतील शाळेची इमारत त्यांना सोडावी लागली. त्यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेलेले धनजीभाई नौरोजी १८४६ साली दीक्षा घेऊन पाळक झाले व पुढे दीर्घकाळ त्यांनी सेवा केली. १८४७ साली विल्सनसाहेब परत आले. आता ते सर्व समाजांच्या आदराला पात्र झाले होते. ज्या विद्वानांशी ते वाद घालीत त्यांच्याशीच रॉयल एशियाटिक सोसायटीत बसून ते लेणी व शिलालेख यांचा अभ्यास करीत. १८६४ साली डॉ. लिव्हिंगस्टन यांनी आपल्याबरोबरच्या आफ्रिकन मुलांना त्यांच्याच देखरेखीखाली ठेवले होते. १८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तर १८७० साली फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांनी देह ठेवला. सेहेचाळीस वर्षे त्यांनी या देशाला दिली होती.

आपल्यासाठी बोध

प्रिय वाचकहो, या चरित्रातून आम्हांला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली, प्रश्नाला भिऊ नये. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच थियफिलाला सांगतो की त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध केला. बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणेदेखील शास्त्राशी ताडून पाहिले आणि त्यांची स्तुती झाली. जो मुलगा वर्गात हात वर करतो तो थियफिलाच्या जागी उभा आहे.

दुसरी, माप एकच असावे. शेजाऱ्याच्या ग्रंथाला कठोर पारख व आपल्या ग्रंथाला सवलत, असे केले तर आपली साक्ष हलकी होते. विल्सनसाहेबांसारख्या विद्वानाचाही तेथे पाय घसरला. आपण तर अधिक जपले पाहिजे.

तिसरी, उत्तर सौम्यतेने द्यावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावयास सिद्ध असावे असे सांगितले आहे, आणि लगेच सौम्यता व आदर यांची अट घातली आहे. विल्सनसाहेबांच्या जाहीर वादांनी सभा गाजल्या, पण त्यांच्या नावे जे आजपर्यंत टिकले ते शाळा, कॉलेज, मंडळी व विद्या यांचे काम. जेथे त्यांनी लोकांना शिकविले, त्यांच्या भाषा शिकून घेतल्या व त्यांच्याबरोबर बसून शोध केला तेथे पीक आले.

येत्या रविवारी कोणी मुलाने विचारले की हे पुस्तक कोणी लिहिले, तर शिक्षकांनी पुस्तक मिटू नये. जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणावे, आणि मग धडा पुढे वाचावा. लेखकाचे नाव परंपरेने दिलेले असो की पत्रातच लिहिलेले असो, ज्या प्रभूची ओळख त्या पानांतून होते तो आपल्या मुलांच्या प्रश्नांनी रागावणारा नाही. थोमाला त्याने आपले हात दाखविले होते. तोच प्रभू आमच्या शिक्षकांना धीर व नम्रता देवो.